नऊशे होड्या, चार हजार वाटा

"पण पासष्ट हजार केलं तर बिघडलं कुठे, बाई?"

सारंगने हे तिसऱ्यांदा विचारलं.

उकिडवेबाई केळीच्या पानांचे देठ काढत होत्या. हातातलं पान त्यांनी उलटं करून पाहिलं. फाटकं निघालं म्हणून बाजूला ठेवलं आणि दुसरं उचललं.

"ऐकताय ना?"

"ऐकतेय. बिघडलं कुठे, असं विचारलंस."

"मग?"

"तेच विचारायला मी तुला बोलावलं होतं."

मी पडवीच्या कडेला बसून पानं पुसत होतो. मला हसू आलं. सारंगला आलं नाही.

बाई म्हणजे वत्सला उकिडवे. एका छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमचा नेटवर्कचा भाग त्या बावीस वर्षं सांभाळताहेत. मुंबईची नोकरी सोडून आमच्या गावी आल्या, तेव्हा लोकांना वाटलं, आता बाई जपमाळ ओढतील. बाईंनी पडवीत दोन स्क्रीन आणि तीन पेट्या मांडल्या. ही सिस्टिम कोणीही वापरावी, कोणीही सुधारावी. पण नेटवर्कच्या भागातली एक ओळ जरी बदलायची असली तरी बाईंची सही लागते. सही म्हणजे शाईची नव्हे. बदलाच्या खाली त्या स्वतःचं नाव टाइप करतात, तेवढंच. त्या नावासाठी लोक महिना महिना थांबतात.

मी वामन मयेकर. टेलिफोनच्या तारा ओढण्यात माझा जन्म गेला. निवृत्त झाल्यापासून बाईंच्या पेट्यांवर चाचण्या चालवतो. मला कोड कळत नाही. काय बंद पडलंय ते मात्र लगेच कळतं.

आणि सारंग तेरदाळे हा कोल्हापूरकडचा. वय सत्तावीस. हुशार आहे. ते तो पहिल्या दहा मिनिटांत तुमच्या कानावर घालतो.

आमच्या किनाऱ्यावर सतरा बंदरांवर या सिस्टिमच्या पेट्या आहेत. वाऱ्याचा इशारा आला की पेटी तो प्रत्येक होडीला कळवते. कुठल्या होडीला कुठल्या टॉवरच्या वाटेने निरोप धाडायचा, याची पेटीच्या पोटात एक यादी असते. तिला रूटिंग टेबल म्हणतात. ही यादी किती वाढू द्यायची याला मर्यादा घातलेली आहे. चार हजार शहाण्णव वाटा. त्यापुढे पेटी नवी वाट लिहूनच घेत नाही.

मे महिन्यात, हंगाम संपता संपता, ती मर्यादा भरली. त्याच दिवशी वाऱ्याचा इशारा आला आणि आमच्या बंदरावरच्या पेटीने एकशे बारा होड्यांच्या बाबतीत 'वाट नाही' असं सांगून हात झटकले. होड्या किनाऱ्याजवळ होत्या म्हणून निभावलं. त्यांत एक माझ्या मेहुण्याची होती. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही.

मच्छीमार सोसायटीने मग स्पष्टच सांगितलं. नारळी पौर्णिमेला होड्या सुटणार. तोवर पेटी सुधारा, नाहीतर उचलून घेऊन जा.

नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली होती. निरोप पोचवण्याचा कोड सारंगने लिहिलेला, त्यामुळे बदनामीही त्याचीच झाली होती. एक आकडा बदलायचा, बाईंची सही घ्यायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायचं, असं ठरवून तो आला होता.

"वामनकाका, तुम्ही तरी सांगा बाईंना."

"मला कोड कळत नाही."

"आकडे तर कळतात?"

"मला तुटलेली तार कळते."

त्याने माझा नाद सोडला.

"बाई, एक ओळ आहे हो. जुना आकडा काढायचा, नवा घालायचा. चार हजारांच्या जागी पासष्ट हजार. पुन्हा म्हणून भरायची नाही."

"होड्या किती आहेत?" बाईंनी विचारलं.

"नऊशे. थोड्या इकडेतिकडे."

"आणि वाटा?"

"चार हजार शहाण्णव. पूर्ण भरलेल्या."

"मग बाकीचं कोण जेवतंय?"

सारंगने दोन्ही हात वर केले. समोरच्याला काहीच समजत नाही असं वाटलं की तो असे हात वर करतो.

"तसं नसतं ते. होडी एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेली, की तिची नवी वाट तयार होते. जुनी आपण यादीतून काढतो."

"काढतो ना?"

"काढतो. पण लगेच पुसून टाकता येत नाही. कोणी ती वापरत असेल, तर त्याने सोडेपर्यंत थांबावं लागतं. तोवर ती मोजणीत राहते."

"म्हणजे जेवण झालंय, पण पानावरून उठलेली नाही."

"हो... तसंच म्हणा."

"कोणी धरून ठेवलंय?"

"वापरणाऱ्यांनी."

"ते कोण?"

"बरेच असतात, बाई."

"नावं सांग."

सारंग घाईघाईने म्हणाला, "सफाईचा कोड आहे की आपला! मर्यादा भरत आली की तो सगळ्या यादीवर झाडू मारतो."

"त्या दिवशी मारला?"

"दर सेकंदाला."

"केर किती निघाला?"

"...शून्य."

"का?"

"झाडू यादीवर फिरतो. या वाटा यादीतून आधीच काढलेल्या. त्या झाडूला सापडत नाहीत."

"यादीत नाहीत, पण जागा अडवून आहेत."

"हो."

बाईंनी आणखी एका पानाचा देठ काढला.

"आणि पेटी होडीबद्दल काय सांगते?"

"'वाट नाही.'"

"वाट असते?"

"असते."

"मग खोटं का बोलते?"

"लिहून घ्यायला जागा नाही, असं म्हणायचं असतं तिला. पण तो संदेश जुना आहे. तुमच्याच काळातला."

माझा पुसता हात थांबला. बाईंना असं तोंडावर बोललेलं मी आजवर ऐकलं नव्हतं.

बाई खो खो हसल्या.

"खरंय. मीच लिहिलाय तो."

तेवढ्यात देवळातली घंटा वाजली. श्रावणी शनिवार होता. मारुतीच्या देवळात समाराधना होती, आणि आम्ही दोघं सकाळपासून पानं करत बसलो होतो ती त्यासाठीच.

बाईंनी गठ्ठा उचलून सारंगच्या हातात दिला.

"चल."

"बाई, सही..."

"पंगत बसवून येऊ. मग बघू."

*

आमच्या देवळाच्या सभामंडपात चाळीस पानं बसतात. वीस-वीसच्या दोन ओळी. त्या दिवशी माणसं शंभरेक जमली होती. चाळीस बसणार, ती उठली की पुढची चाळीस. दरवर्षी असंच चालतं.

सारंगने एकदा मंडपावर नजर फिरवली, एकदा बाहेरच्या गर्दीवर.

"चाळीसच का?"

"आधीपासून आहे," मी म्हणालो.

त्याचा चेहरा असा खुलला की मला त्याची दया आली.

"बघा बाई! इथेही तेच. पडवीत आणखी वीस आरामात बसतील. साठ केले, तर बाहेर ताटकळणारे तेवढे कमी."

"मांड," बाई म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

सारंगने वीस पानं पडवीत मांडली. पाट कमी पडले तर सतरंजीच्या घड्या घातल्या. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर सगळं जागच्या जागी वाढलं. हात चलाख होता, ते मान्य केलं पाहिजे. साठ माणसं बसली. बाहेर चाळीस उरली. सारंग कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि बाईंना शोधू लागला.

बाई आत भाताच्या पातेल्यापाशी होत्या.

आमची पातेली चाळिसांच्या बेताची. वाढपी चार. भात पडवीत पोचला तेव्हा मंडपातल्या लोकांचा पहिला वरणभात संपलाही होता. पडवीतल्यांनी बराच वेळ मिठाकडे आणि लिंबाकडे बघण्यात घालवला. एकाने तर लिंबू चोखून संपवलं.

पण शेवटी सगळ्यांना सगळं मिळालं. पोटं भरली. ढेकर ऐकू येऊ लागले.

आणि कोणी उठेना.

आमच्या गावची रीत आहे. पंगतीत जो वयाने सगळ्यात मोठा, तो उठल्याखेरीज कोणी उठायचं नाही. त्या पंगतीत सगळ्यात मोठे होते तात्या शिगवण. नव्वदी ओलांडलेले. पूर्वीचे तांडेल, म्हणजे होडीवर ज्याचा शब्द चालतो तो माणूस. तात्यांचे दोन नेम आहेत. जेवताना बोलायचं नाही, आणि पानात वाढलेलं टाकायचं नाही.

तात्यांच्या पानासमोर खिरीचं भांडं घेऊन सारंग उभा होता.

"तात्या, खीर?"

तात्यांनी द्रोणावर आडवा हात धरला.

"एवढीशीच."

तात्यांनी मान हलवली.

"असं कसं? आमच्याकडे पाहुण्याला असं उठू देत नाहीत." त्याने तात्यांचा हात हळूच बाजूला सारला आणि ओगराळंभर खीर द्रोणात ओतली.

तात्यांनी द्रोणाकडे पाहिलं. मारुतीकडे पाहिलं. मग द्रोण तोंडाला लावला.

सारंग पुढच्या चार पानांवरून फिरून परत आला. तात्यांचा द्रोण रिकामा दिसला. रिकामा द्रोण त्याला बघवेना. पुन्हा आडवा हात, पुन्हा "एवढी तरी", पुन्हा ओगराळं.

अर्धा तास झाला. मग पाऊण झाला.

साठ माणसं पानावर बसून होती. हातांवरचा भात वाळला होता. पडवीतला एकजण बसल्या बसल्या पेंगायला लागला. बाहेरचे चाळीस आता आत डोकावून मोठमोठ्याने बोलत होते. कोणाचं तरी बाळ रडत होतं.

सारंग घामाघूम होऊन माझ्याकडे आला.

"काका, हे लोक उठत का नाहीत?"

"रीत आहे. तात्या उठले की उठतील."

"मग तात्या का उठत नाहीत?"

"त्यांच्या पानात वाढलेलं असतं."

"म्हातारं माणूस, सावकाश जेवणार." त्याने बाहेर पाहिलं. "पण त्या चाळिसांचं काय करायचं? देवळामागे मोकळी जागा आहे. अजून चाळीस पानं मांडू का?"

"मांड की," मी म्हणालो.

बाईंकडून मी काही तरी शिकलो असेन, तर ते एवढंच.

तो पानं आणायला निघाला. जाता जाता तात्यांचा द्रोण रिकामा दिसला, म्हणून तिथे थांबला. ओगराळं खिरीत बुडवलं.

तेव्हा बाई आतून आल्या.

खांबापाशी उभ्या राहून त्यांनी सगळं पाहिलं. वाळलेले साठ हात पाहिले. तात्यांचा आडवा धरलेला हात पाहिला.

बाई पुढे आल्या. सारंगच्या हातातलं ओगराळं काढून घेतलं आणि त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

सारंग नुसताच बघत राहिला.

बाईंनी तात्यांच्या हाताकडे बोट केलं.

सारंगने तांब्या कलता केला. तात्यांच्या बोटांवरून पाणी पानात पडलं. तात्यांनी डोळे मिटून एक लांब श्वास सोडला, गुडघ्यावर हात टेकला आणि उठले.

त्यांच्याबरोबर साठ माणसं उठली. एका क्षणात. मंडप रिकामा झाला, पडवी रिकामी झाली, बाहेरचे चाळीस आत शिरले.

तात्यांनी हात पुसले आणि मौन सोडलं.

"बाबू, बारा द्रोन झाले माजे. बारा! मी आपला नाय नाय करतंय, न् तू आपला ओततंयस." त्यांनी सारंगच्या खांद्यावर हात ठेवला. "मानूस चांगला हायस. पन तुज्यापायी आज पयल्यांदाच माका वाटला, मारुतीरायान् धाव घ्यावी."

सगळं देऊळ हसलं. बाहेरून आत येणारेही हसले. काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं, तरीही हसले. सारंगही हसला, पण जरा उशिराने.

मग त्याचं हसू हळूहळू थांबलं.

तांब्या त्याच्या हातातच होता. कलता. पाणी त्याच्या पायांवर पडत होतं आणि त्याला ते कळत नव्हतं.

"बाई..."

"हं."

"माझा निरोपाचा कोड..."

"दुसरी पंगत बसायचीय."

"पण बाई, मला कळलं, कोण धरून..."

"त्यांना भूक लागलीय."

त्याने तांब्या खाली ठेवला.

दुसरी पंगत चाळिसांची बसली. सारंगने प्रत्येकाला एकदा विचारलं. कोणी हात आडवा धरला, की तो पुढे सरकला. पंचवीस मिनिटांत पंगत उठली. मग आम्ही वाढपी बसलो. सारंगला जेवण जात नव्हतं. बाईंनी त्याच्या पानात एकदाच खीर वाढली आणि परत विचारलं नाही.

*

पडवीत परत आलो तेव्हा उन्हं कलायची होती. सारंगने हात पुसले न पुसले तोच लॅपटॉप उघडला. त्याने स्वतःचाच कोड काढला. मागच्या दोन वर्षांत त्या पानाकडे त्याने पुन्हा पाहिलं नसावं. आपल्या हातून एकदा उत्तम झालेलं आपण पुन्हा कशाला बघतो?

मला कळलं तेवढं सांगतो. होडीला निरोप पाठवला की होडीकडून पोच यावी लागते. पोच आली नाही, तर सारंगचा कोड दोन सेकंदांनी पुन्हा पाठवायचा. परत दोन सेकंदांनी परत. हरायचा नाही, थकायचा नाही. आणि दर वेळी होडीची पहिली वाट तो घट्ट धरून ठेवायचा. होडी हद्द सोडताना 'निघाले' म्हणून कळवते. ते हा कोड ऐकतच नव्हता.

"होडी गेली तरी?" बाईंनी विचारलं.

"गेली तरी."

"किती वेळ?"

"पोच येईपर्यंत."

"गेलेल्या होडीची पोच कशी येणार?"

सारंग मोजत होता. स्क्रीनवर मे महिन्यातली ती नोंद उघडली होती. त्याने बोटाने ओळी मोजल्या, मग बोट थांबलं.

"नऊशे होड्या खऱ्या. बाकीच्या तीन हजारांवर जुन्या वाटा, होडी केव्हाच पुढे गेलेली. आणि त्या धरून..."

"कोण बसलं होतं?"

"मी."

तो लाल झाला होता. मला वाटलं होतं, याला असं बघून मला बरं वाटेल. तसं वाटलं नाही. उठून त्याला पाणी आणून दिलं.

"याच कोडवर मला पुण्यात भाषण द्यायला बोलावलं होतं, बाई. 'निरोप कधीही हरवत नाही' असं नाव होतं भाषणाचं."

"टाळ्या पडल्या?"

"खूप."

"छान. आता काढ."

"सगळा?"

बाईंनी चष्मा काढला.

सारंग स्क्रीनकडे बघत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "निरोप नाही सोडायचा. फक्त जुनी वाट सोडायची. होडी 'निघाले' म्हणाली, की निरोप तिच्या नव्या वाटेकडे द्यायचा... नवी वाट दुसऱ्या पेटीकडे असली, तर निरोप त्या पेटीकडे."

बाईंनी चष्मा पुसला.

त्याने एकोणीस ओळी काढल्या आणि सहा लिहिल्या. मी चाचणी लावली. नऊशे खोट्या होड्या सोडल्या, एका टॉवरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, सारख्या फिरत्या. मोजणीचा आकडा नऊशे चारवर गेला. नऊशे तीसवर गेला. खाली आला. नऊशे अकरा. नऊशे सहा. आकडा तिथेच खाली-वर होत राहिला. मे महिन्यापासून हा आकडा मी फक्त चढताना पाहिला होता. मी खुर्चीत मागे रेललो आणि चक्क शीळ घातली.

"सही?" मी बाईंना विचारलं. मलाच घाई झाली होती.

"थांबा काका," सारंग म्हणाला. "पाच हजार सोडा."

"एवढ्या होड्या आपल्याकडे नाहीत."

"आज नाहीत."

पाच हजार सोडल्या. चार हजार शहाण्णव होड्यांना निरोप गेला. पुढच्या प्रत्येक होडीला पेटीने ऐकवलं, 'वाट नाही.'

सारंगने हनुवटी हातावर टेकली.

"ही पेटी पोटात किती वाटा सामावून घेईल, काका?"

"तीस हजार. फार तर एकतीस. त्यापुढे कोसळते. मी करून बघितलंय."

"तीस?" त्याने माझ्याकडे मान वळवली. "मग मी सकाळी पासष्ट हजार मागत होतो, तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला कोड कळत नाही."

या वेळी तो हसला, आणि मनापासून हसला.

मग तो खुर्चीवरून उठला. सकाळी आला तेव्हा उभ्याने बोलत होता. आता पाटावर, त्यांच्यासमोर बसला.

"बाई, हा आकडा वाढवायला नको."

"बरं."

"कमीही करायला नको."

"मग?"

"काढूनच टाकतो. ज्या वाटा वापरात आहेत, त्यांना मोजून अडवायचं कशाला? वापर संपला की त्या आता आपोआप जातात. पोटात जागा असताना 'वाट नाही' म्हणायचं नाही. आणि खरोखरच जागा संपली, तर पेटीने 'जागा नाही' असं सांगायचं. म्हणजे बंदरावरचा माणूस तरी वायरलेसवरून हाक मारील."

बाईंनी स्क्रीनवरचा तो आकडा पाहिला.

"तुम्ही लिहिलेला आकडा आहे, म्हणून विचारतो."

"काढ."

"एवढ्या वर्षांचा..."

"काढ रे."

त्याने काढला. संदेशही बदलला. मी पुन्हा पाच हजार होड्या सोडल्या. पाच हजारांना निरोप पोचला. मग पस्तीस हजार सोडल्या. तीस हजार चारशेच्या पुढे पेटीने स्पष्ट सांगितलं, 'जागा नाही', आणि कोसळली नाही. सफाई होताच आपणहून पुढचं काम घेऊ लागली.

मला मेहुण्याची आठवण झाली. बुधवारी तो होडी काढेल तेव्हा मी बंदरावर जाणार, त्याच्यासमोर उभा राहणार आणि त्याला बोलायलाच लावणार, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. माझे डोळे भरून आले होते. चाचणीच्या आकड्यांनी माणसाचे डोळे भरून येतात, हे मला त्या दिवशी कळलं.

सारंगने स्क्रीन बाईंकडे फिरवली. बदल तयार होता. तळाशी सहीची ओळ रिकामी होती.

"बाई, आता?"

बाईंनी कीबोर्ड पुढे ओढला. पण त्या सहीच्या ओळीवर गेल्या नाहीत. त्यांनी दुसरीच फाइल उघडली. नेटवर्कच्या भागात कोणाच्या सहीने बदल होतो, त्यांची नावं त्या फाइलमध्ये असतात. बावीस वर्षं तिथे एकच नाव होतं.

बाईंनी त्याखाली एक नाव टाइप केलं. सावकाश, एका बोटाने. फाइल जतन केली.

सारंगने वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"बाई, हे..."

"सही तूच कर."

"मी? मे महिन्यात ज्याच्यामुळे..."

"हो. तोच."

त्याचा हात कीबोर्डवर गेला आणि तिथेच राहिला. सकाळी तो बाईंच्या सहीसाठी भांडत होता. आता स्वतःची करायची वेळ आली, तर त्याला बोटं सापडेनात. शेवटी त्याने नाव टाइप केलं. सारंग तेरदाळे. बदल आत गेला.

बाईंनी कोपऱ्यातली चटई ओढून पसरली. उशी ठेवली. चष्मा काढून खिडकीत ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

सारंग अजून स्क्रीनकडेच बघत होता.

"बाई..."

"हं."

"मर्यादा तर आता नाही. बुधवारी होड्या सुटल्या आणि मला सुचलंही नाही अशा कशाने तरी पेटी पुन्हा भरली, तर?"

मला वाटलं, बाईंचा डोळा लागला.

बाईंनी पदर डोक्यावरून ओढून घेतला.

"तर मला उठवू नकोस."